फसाटावर बसून बनामाय बागेत गेली

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार होतात आणि अक्षर तर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं येतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाच ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग लग्न झालं. चार माणसांत मला बोलता येत नाही. मनात जुळवलेलं वाक्य ओठाशी आलं की मागे फिरतं. कागदावर तसं होत नाही. आज दुपारी घरात कोणी नाही आणि सकाळपासून बनामाय डोक्यात सारखी बोलते आहे, म्हणून लिहायला बसले.

बनामाय आमची मंगरूळची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चाळिशीच्या पुढे असेल. पहिल्या बाळंतपणाच्या आजारात तिचं कंबरेखालचं अंग गेलं होतं. मूलही राहिलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि कोणी विचारतही नसे. गोणपाटाच्या तुकड्यावर बसून, दोन्ही तळहात जमिनीला टेकून ती अंगणभर सरकत फिरायची. हात मात्र असे होते की गल्लीतल्या गड्यांनी लाजावं. दिवसभर ती अंबाडीचे दोर वळायची. पोळ्याच्या आधी शेतकरी तिच्या दारात कासरे आणि दावी घ्यायला येत. "बैल मरीन, पन बनामायचं दावं तुटनार नाही," असं लोक म्हणत, आणि ती म्हणे, "बैलाले मारू नका बाप्पा, दावंच तोडा, म्हंजे नवं घ्यायले येसान."

तिचा नवरा दाजीबा. ती त्यांना तोंडावर 'बुढा' म्हणायची आणि ते 'हो' म्हणायचे. मी त्या घरात त्यांचे दुसरे शब्द फारसे ऐकले नाहीत.

माझी आणि तिची ओळख कुसळांनी झाली. मी नवी होते. सासूबाईंबरोबर, म्हणजे आमच्या आत्याबाईंबरोबर, वावरातून घरी येत होते. बनामाय ओट्यावर बसली होती. तिनं हाक मारली, "ए नवी, इकडे ये." मी गेले. तिनं माझ्या लुगड्याचा काठ हातात घेतला आणि त्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढायला लागली.

"नाल्याच्या वाटेनं आली तू," ती म्हणाली. "बांधावरून येती तं हे गोखरू नसते चिकटले. पानी हाय का नाल्यात अजून?"

"हो."

"मंग?"

मला काय बोलावं कळेना. "पाखरं होती," मी म्हणाले.

"कशी?"

"पांढरी. लांब पायांची."

"मंग?"

हा तिचा 'मंग' फार वाईट. माणूस थांबला की ती तो असा टाकायची, जशी विहिरीत बादली टाकावी, आणि काही ना काही वर आल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी दिवेलागण होईपर्यंत मी बोलत होते. पाखरं, चिखल, कोणाच्या वावरात कापूस किती फुटला, वाटेत साप आडवा गेला तो कोणत्या रंगाचा. माझ्या माहेरी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आत्याबाई दारातून ओरडल्या, "बने, सोड वं तिले! मुकीले बोलती केली तुनं, आता सैपाक कोन करीन?"

त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या बायांसारखी मीही तिच्याकडे कुसळं काढायला जाऊ लागले. कुसळं हे निमित्त. तिला वाट हवी असायची. आम्ही चालून यायचो आणि ती आमच्या लुगड्यांवरून ती वाट वेचून घ्यायची. लग्नाला वर्षं झाली, मुलं झाली, तरी तिच्यासाठी मी नवीच.

आता बागेचं सांगते. मंगरूळपासून गाडीनं सकाळी निघालं की ऊन तापायच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी बाग होती. कोण्या गोऱ्या सायबानं लावली म्हणून लोक तिला सायबाची बाग म्हणत. आत एक तळं, एक बंगला, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला आवळीची मोठी झाडं. कार्तिकात गल्लीतल्या बाया तिथं आवळीभोजनाला जात. फाटकाबाहेर नाल्याच्या काठी गोवऱ्यांचा आर करून कणकेचे जाड रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, आणि सगळं डोक्यावर घेऊन आत आवळीखाली जायचं. आवळीची पूजा करायची, दोरा गुंडाळायचा, तिच्या सावलीत जेवायचं. गाड्या फाटकाशीच सोडाव्या लागत. तशी पाटीच होती.

बनामाय आजारानंतर एकदाच तिथं गेली होती. मी येण्याच्या आधी. दाजीबा म्हणाले, पाठीवर घेतो. ती म्हणाली, "मी काय पोतं हाय?" आणि दिवसभर फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली. आतून बायांची गाणी ऐकू येत होती म्हणे. त्यानंतर ती कधी गेली नाही.

पण बाया परतल्या की ती ओट्यावर तयार असायची. "मंग?" तेव्हा खरी बाग सुरू व्हायची. आत्याबाई सांगत. आमच्या आत्याबाई एरवी कडक. मीठ जास्त पडलं तर ताट सरकवणाऱ्या. पण बाग सांगायला बसल्या की त्यांचा आवाज बदलायचा. त्या आवळीखालच्या हौदाचं वर्णन करत. हौदाच्या काठावर दगडाचा वाघ बसला आहे, खऱ्या वाघाएवढा, त्याच्या उघड्या तोंडातून पाण्याची धार पडते, त्याचे डोळे हिरव्या काचेचे आहेत आणि ऊन पडलं की ते चमकतात. दर वर्षी वाघात काही तरी भर पडे. एका वर्षी त्याच्या शेपटीवर मोर बसला होता. दुसऱ्या वर्षी एक पोट्टी त्याच्या तोंडात हात घालून रडत होती.

"दात हायेत का त्याले?" बनामाय विचारायची.

"हायेत ना. एक तुटेल हाय."

"कोन तोडला?"

"सायबाच्या पोरानं."

मी पहिल्यांदा बागेत गेले तेव्हा धावत हौदाशी गेले. सिमेंटचं एक लहानसं टाकं होतं आणि त्यात गंजलेल्या नळातून पाणी ठिबकत होतं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची कित्येक वर्षं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. बाकीच्या बायाही काढत नव्हत्या.

आणि एका दिवाळीत बनामायनं ओट्यावरून जाहीर केलं, "मी येनार हाय औंदा आवळीले. वाघ पाहाचा हाय मले."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग आत्याबाई जोरात बोलल्या. "काहून? तिथी काय ठेवलं हाय? गाडी आत जात नाही, तुले ठाऊक हाय. मागच्या वक्ताले दिवसभर उन्हात बसली होती, इसरली का?"

"नाही इसरली. म्हनून तं फसाट नेनार हाय."

फसाट म्हणजे दोन फाट्यांचं जाड लाकूड. वखर, डवरा अशी अवजारं त्यावर ठेवून बैलांच्या मागे घासत घासत वावरात नेतात. त्याला चाक नसतं. ती किती दिवसांपासून यावर विचार करत होती कोण जाणे. दाजीबांनी फसाटावर फळी ठोकली, फळीवर गोधडी बांधली, आणि ओढायला तिनं स्वतः नवा दोर वळला.

आत्याबाई रोज काही नवं कारण काढत. वाट खराब आहे. थंडी बाधेल. बैल बुजतील. "पडशीन बिडशीन तं कोन निस्तरीन?" बनामाय दोर वळत म्हणायची, "जमिनीवरच्या मानसानं पडाचं तरी कुठी?" आत्याबाई घरी येऊन भांडी आदळत. मला वाटे, ही बाई इतकी कठोर कशी? शेजारणीला एक दिवस सुखाचा मिळतो तर हिचं काय जातं?

जायच्या दिवशी बनामाय पहाटेपासून गाडीत बसून होती. हिरवं लुगडं नेसली होती, डोक्याला तेल लावलं होतं, आणि दाजीबांना सारखं म्हणत होती, "बुढ्या, हाक ना बैल! सूर्य निंगाला, तू अजून चिलीमच फुकून राह्यला." वाटेत तिनं आम्हाला बोलूच दिलं नाही. सगळं तीच दाखवत होती. "हे पाय, हे पाय! थे बोराटी. थ्या दिवशी तुह्या लुगड्याले हिचाच काटा होता, नवी!" आमच्यापेक्षा तिलाच वाट ओळखीची होती. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. आत्याबाई गाडीच्या मागच्या टोकाला पाठ करून बसल्या होत्या.

रोडगे भाजून झाले. दाजीबांनी बैल फसाटाला जुंपले आणि बनामायला फळीवर बसवलं. फाटकातून थोडं आत गेलो तोच चौकीदार धावत आला. काटकुळा माणूस, खाकी कोट अंगावर मोठा होत होता.

"गाडी अंदर जानार नाही बाई!"

"गाडी बाहीरच सोडली, भाऊ," बनामाय म्हणाली. "हे फसाट हाय. चाक दाखव कुठी हाय थे."

तो बिचारा खरंच वाकून पाहू लागला. "पन बैल हायेत ना?"

"बैलाले चाकं हायेत का?"

दाजीबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"नवी, तू शिकेल हायस. पाटी वाच."

मला वाचता येत होतं, पण इतक्या लोकांत आवाज निघेना. शेवटी कसंबसं वाचलं, "गाड्या आत नेण्यास मनाई आहे."

"बैल लिवले का?"

"नाही."

"आयकलं का भाऊ? शिकेल पोरगी हाय, खोटं नाही सांगत."

चौकीदार डोकं खाजवत होता. आम्ही सगळ्या त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. दाजीबाही. त्यामुळे बैलांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फाटकाच्या आत, भिंतीला लागून, कुंड्यांत आंब्याची कलमं ओळीनं ठेवली होती. बैलांनी ती शांतपणे खाऊन टाकली. चौकीदारानं मान वळवली तेव्हा शेवटच्या कलमाचं पान एका बैलाच्या तोंडातून बाहेर लोंबत होतं.

तो माणूस ओरडला नाही. मटकन खाली बसला. "नागपूरहून आनले होते," तो म्हणाला. "माह्या पगारातून कापतीन. पाच रुपये."

पाच रुपये म्हणजे त्या काळी थोडे नव्हते. बनामायचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "नाही भाऊ, तुह्या पगारातून नाही. बैल माहे, भरपाई माही." पण तिच्या बटव्यात सुपारीशिवाय काही नव्हतं. तिनं आमच्याकडे पाहिलं. आत्याबाईंनी कमरेची चंची सोडली आणि पाच रुपये चौकीदाराच्या हातावर ठेवले.

"फेडीन मी," बनामाय म्हणाली. "सगळे."

"मंग पाहू. आता तरी परत चाल, बने."

चौकीदारानं पैसे कोटात ठेवले आणि हात जोडले. "बाई, राग मानू नका. पन बैल आता आत नाही."

दाजीबांनी बैल सोडून बाहेर नेले. फसाट गवतात तसंच पडलं, आणि त्यावर हिरव्या लुगड्यातली बनामाय. ती 'मंग' म्हणाली नाही. वर आवळीची झाडं दिसत होती, इतकी जवळ. तिनं एकदा तिकडे पाहिलं, मग खाली मान घालून फळीवरच्या गोधडीचा दोरा ओढत बसली.

आत्याबाई तिच्याकडे पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि जमिनीवर पडलेला दोर उचलून खांद्यावर घेतला.

"उठा वं!" त्या आम्हाला म्हणाल्या. "तोंडं कायले पाह्यता? धरा!"

"सखू, बाया मले ओढतीन?" बनामाय घाबरून आत्याबाईंना म्हणाली. "मी का वखर हाव?"

"वखर बरा. थो बोलत तरी नाही."

आम्ही दोर धरला. पुढे आत्याबाई, मागे गल्लीतल्या बाया, सगळ्यात शेवटी मी. कार्तिकातलं गवत वाळून गुळगुळीत झालं होतं. पहिल्या झटक्याला फसाट हललं नाही, दुसऱ्याला असं सुटलं की आम्हीच तोंडावर पडता पडता वाचलो. बनामाय किंचाळली. ती भीतीची किंचाळी नव्हती. "ओढा वं! अजून! त्या बाजूनं, तळ्याच्या बाजूनं!" कोणी तरी पोळ्याच्या दिवशी बैलांना ओरडतात तसं ओरडलं आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. हसताना हातातला जोर जातो, म्हणून थांबायचं, पुन्हा ओढायचं. चौकीदार मागून रेटा देत होता. डोक्यावरून पदर कधी पडले कोणाला कळलं नाही. मी, जी पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा धड देत नसे, ती त्या दिवशी "हुर्र!" म्हणून ओरडले.

तळ्याशी तिनं थांबवलं. काठावर बसवायला सांगितलं. दोन्ही पाय उचलून पाण्यात सोडले. मी जवळ होते.

"थंड हाय का वं?" तिनं हळूच विचारलं.

मी हात घालून पाहिला. "लई थंड आहे."

"वाटलंच मले," ती म्हणाली, आणि पाण्यातल्या पायांकडे अशी पाहत राहिली, जसे ते आताच गावाहून आले आहेत.

आवळीकडे जायला दगडी पायऱ्या होत्या. आम्ही फसाट उचलायला वाकलो. "सरका," ती म्हणाली. "इथून माही मी जाईन." पायऱ्यांकडे पाठ करून बसली, हात मागच्या पायरीवर टेकले आणि स्वतःला वर उचललं. मग पुढची पायरी. आम्ही खाली उभ्या, आणि ती आमच्याकडे तोंड करून, लाल होऊन, हसत, वर वर जात होती. तिची पाठ हौदाकडे होती. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

वर पोचून ती वळली.

टाकं तसंच होतं. नळ ठिबकत होता. बनामायनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आवळीच्या मागेही वाकून पाहिलं.

"वाघ कुठी हाय?"

आम्ही सगळ्या जमिनीकडे पाहत होतो.

"सखू?"

आत्याबाई पायऱ्या चढून वर गेल्या आणि तिच्या शेजारी धपकन बसल्या. "वाघ नाही, बने. कधीच नव्हता. थ्या दिवशी आमी बाहीर आलो, अन् तू गाडीत बसेल. तुहं तोंड पाहवलं नाही मले. इचारलं तुनं, काय पाह्यलं? मी काय सांगू, टाकं पाह्यलं? अन् निंगाला थो वाघ माह्या तोंडातून. मंग त्याले मारता येईना."

तेव्हा मला कळलं, आत्याबाई दिवाळीपासून भांडी का आदळत होत्या.

बनामायनं ठिबकणाऱ्या नळाकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. इतकी हसली की आवळीला टेकावं लागलं. "अन् मोर? शेपटीवरचा मोर वं?"

"थो त्या वर्सी सुचला."

"अन् दात तोडनारं पोरगं?"

"तू इचारलं, कोन तोडला. मंग कोनी तरी तोडाले पाह्यजे ना!"

"अवं माय!" ती डोळे पुसत म्हणाली. "मी रोज रात्री थ्या पोराले शिव्या देत होती."

मग आम्ही पूजा केली, दोरा गुंडाळला, जेवलो. चौकीदारालाही रोडगा दिला. तो तुपात बुडवून खाताना म्हणाला, "कलमं महाग पडले, पन रोडगा चांगला हाय." बनामायनं आवळीची साल हातानं चाचपली, खाली पडलेले आवळे पदरात गोळा केले, टाक्यातलं पाणी पिऊन पाहिलं, बंगल्याच्या खिडकीतून आत डोकावायचं म्हणून आम्हाला पुन्हा दोराला लावलं. परत येताना गाडीत तिनं स्वतःच्याच लुगड्यावरची कुसळं काढली. काढून फेकली नाहीत, मुठीत धरून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती पैशांच्या मागे लागली. आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, शेजारधर्म आहे. त्यावर बनामाय खरोखर चिडली. "दुसऱ्याच्या पैशानं बाग पाह्यली, असं मी मरतपर्यंत आयकू का? थे बाग माही हाय. पैसे घेशीन तवाच माही होईन." ती उजेड असेपर्यंत दोर वळू लागली. बाजाराच्या दिवशी दाजीबा दोर घेऊन बसत, आणि संध्याकाळी ती सरकत आमच्या दारात येऊन आत्याबाईंच्या हातावर कधी आणे, कधी पावली ठेवून जाई. आत्याबाई तोंड वाकडं करून घेत, पण घेत. नाही म्हणायची पुन्हा हिंमत झाली नाही.

पोळ्याला तिच्या दारात गर्दी उसळली. सण झाल्यावर आमच्या घरात सामान बांधणं सुरू होतं. यजमानांना दुसऱ्या गावी कापसाच्या जिनिंगात नोकरी लागली होती आणि आम्हाला निघायचं होतं. मी पुन्हा मंगरूळला आले तेव्हा बनामाय नव्हती. म्हणून ती मला शेवटची दिसली ती अशी: सकाळचं ऊन, आमचा उंबरठा, आणि गोणपाटावर बसलेली ती, पदराची गाठ दातानं सोडत होती. गाठीतून रुपया निघाला. तो तिनं आत्याबाईंच्या हातावर ठेवला आणि हात तिथंच धरून ठेवला.

"झाले का?"

"झाले वं, बने."

"असं कानात नको. गल्लीले आयकू जाऊ दे."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि मग दारात उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून मोठ्यानं ओरडल्या, "आयका वं बायांनो! बनीचे पाचही रुपये फिटले!"